तंबू, आगगाडी आणि आमची प्रतिष्ठा

उन्हाळ्यांत युरोपची सफर करून येण्याचा प्रघात आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेंत आणि सांगलीच्या विश्रामबागेंतही पॅरिस-स्वित्झर्लंडचीं छायाचित्रें पाहुण्यांस दाखविणारीं घरें पुष्कळ झालीं आहेत. याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. ज्या पिढीला महाबळेश्वरास आठ दिवस राहून येणें हीच मोठी चैन होती, तिचीं नातवंडें आल्प्स पर्वत पाहून येतात ही आनंदाचीच गोष्ट होय. आमचें भांडण आहे तें हा प्रवास ज्या रीतीनें केला जातो तिच्याशीं. दहा-बारा दिवसांत सहा-सात देश; पहांटे सामान खोलीबाहेर; बंद काचांची बस; मार्गदर्शकाच्या उंच धरलेल्या छत्रीमागें धांवणें; आणि रात्रीं पुन्हां आमटी-भात! परत आल्यावर या मंडळींस हॉटेलांचीं नांवें आठवतात, नद्यांचीं आठवत नाहींत.

याहून स्वस्त, सावकाश व शहाणपणाची एक रीत आहे आणि युरोपांतील साधा मध्यमवर्ग ती पिढ्यानपिढ्या पाळीत आला आहे. आगगाडीनें जावें व तंबूंत राहावें, ही ती रीत. इंग्लंडांत टॉमस हायरम होल्डिंग नांवाच्या एका शिंप्यानें १९०१ मध्यें सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची एक मंडळी स्थापन केली व १९०८ मध्यें या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. हलका तंबू कसा बेतावा हें शिंप्यास सुचावें यांत नवल तें काय? पुढें १९५९ पासून युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठीं युरेलचा पास निघाला. एकाच पासावर अनेक देशांच्या गाड्यांतून हिंडावयाची सोय त्यामुळें झाली. कांहीं वेगवान गाड्यांना जागा आधीं राखून ठेवावी लागते, एवढेंच. आजचा दोघांचा तंबू दोन-अडीच किलोंचा असतो; आमच्याकडच्या लोणच्याच्या बरण्यांचें वजन याहून अधिक भरतें!

आम्हीं उभयतांनीं पन्नाशी उलटल्यावर हा प्रयोग करून पाहिला. इंटरलाकेनहून लहान गाडीनें लाउटरब्रुनेन येथें उतरावें, पाठीवरचें ओझें सांवरीत पाव तास चालावें, कीं राहुट्यांचें कुरण लागतें. समोर सुमारें तीनशें मीटर उंचीच्या कड्यावरून पडणारा धबधबा. ऊन पाण्याचीं न्हाणीघरें, भांडीं घासण्याचे ओटे, कपडे धुण्याचीं यंत्रें, सारें कांहीं सामाईक आणि स्वच्छ. शेजारच्या तंबूंत एक निवृत्त जर्मन शाळामास्तर व त्यांची पत्नी होतीं. मेख तिरपी ठोकावी, सरळ नव्हे, हें त्या बाईंनीं माझ्या पत्नीस शिकविलें. चार रात्रींत जितकीं माणसें भेटलीं तितकीं हॉटेलांत चार महिन्यांत भेटलीं नसतीं.

कोणी असें समजूं नये कीं, युरोपांत वाटेल तेथें तंबू ठोकतां येतो. नॉर्वेंत १९५७ च्या कायद्यानें उघड्या रानावर मुक्कामाचा हक्क दिला आहे, पण वस्तीच्या घरापासून दीडशें मीटर दूर राहिलें पाहिजे. स्वीडनमध्येंही असा हक्क परंपरेनें चालत आला आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड वगैरे देशांत मात्र मोकळ्या रानांतील मुक्कामास बहुधा मनाईच असते, व म्हणूनच तेथें गांवोगांव मुद्दाम राखलेलीं कुरणें आहेत. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो कामास येणार आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. व्हिसासाठीं निवासाचा पुरावा लागतो. तो कुरणाच्या नोंदणीचाही देतां येतो. स्वयंपाकाच्या गॅसची नळकांडी विमानांत नेतां येत नाहीं. ती तेथें विकत मिळते. पाऊस येतो, गुडघे दुखतात, हेंही खरें; पण तिरुपतीच्या पायऱ्या चढतांना हे गुडघे कोठें गेलेले असतात? हे सर्व आक्षेप वरवरचे आहेत. खरा आक्षेप निराळा आहे आणि तो आम्हीं एका सुविद्य गृहस्थांच्या तोंडून स्वच्छ शब्दांत ऐकिला आहे: "तंबूंत राहावयाचें? म्हणजे पालांतल्या लोकांसारखें?"

या एका प्रश्नांत आमच्या वर्गाचें सारें मन उघडें पडतें. पालांत कोण राहतें? माण-खटावचे मेंढपाळ गवताच्या शोधांत कळप घेऊन निघतात ते राहतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडणीसाठीं येणारीं कुटुंबें सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांभोंवतीं कोप्या घालून हंगाम संपेपर्यंत राहतात. आमच्या चहांत पडणारी साखर त्यांच्या कोयत्यावाटे येते. आपण जें हौसेनें चार रात्रीं करणार तें ते पोटासाठीं महिनेच्या महिने करतात. त्यांना नळ नाहीं, न्हाणीघर नाहीं, मुलांना शाळा मिळतेच असें नाहीं. हा भेद विसरून जो तंबूचें काव्य गाईल तो ढोंगी होय. परंतु हे लोक पालांत राहतात म्हणून पालच हलकें, असें मानणारा आणि सुट्टींत त्याच रस्त्यानें काचबंद मोटारींतून जाणारा गृहस्थ त्याहून फारसा बरा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. निदान एक रात्र जमिनीवर पाठ टेकून पावसाचा आवाज कापडावर ऐकला, तर कोपींत पाणी शिरतें म्हणजे काय होतें हें त्याला वर्तमानपत्रांत वाचावें लागणार नाहीं.

शिवाय ही प्रतिष्ठा आली तरी कोठून? शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक १७०८ मध्यें साताऱ्यास झाला. त्या राज्याचे सरदार वर्षाचे कित्येक महिने डेऱ्या-राहुट्यांतच काढीत. पुढें इंग्रजी अमलांत कलेक्टरसाहेब हिंवाळ्यांत फिरतीवर निघत ते डेरे-दांडे घेऊनच, व त्या डेऱ्याच्या दाराशीं अर्ज घेऊन उभे राहण्यांत आमच्या पणजोबांस कमीपणा वाटला नाहीं. आणि वारी? सातारा जिल्ह्यांतल्याच आरफळच्या हैबतबाबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्ञानेश्वरांच्या पालखीचा सोहळा लावून दिला. त्याला अंकलीच्या शितोळे सरदारांनीं घोडे व तंबू पुरविले. आजही नीरा ओलांडून पालखी लोणंदास आली म्हणजे दिंड्यांच्या राहुट्यांचें एक नगरच वसतें. त्यांत प्राध्यापक, वकील, डॉक्टर सारे असतात. तेथें बसणारा वकील आषाढांत पवित्र, आणि वैशाखांत मुलांसह नदीकाठीं राहुटी ठोकणारा वकील भिकारी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

तंबूची लाज वाटते तीच मंडळी पांचगणी-तापोळ्याकडे 'टेंट'मध्यें राहण्यास भरपूर पैसे मोजतात. कांक्रीटच्या चौथऱ्यावर पलंग, पाठीमागें फरशीचें न्हाणीघर, कोंपऱ्यांत थंड हवेचें यंत्र! ही राहुटी नव्हे. कापडी भिंतींची हॉटेलची खोली होय.

आगगाडीची उपेक्षा तर याहून वाईट. पुणें-मिरज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला तेव्हां महाबळेश्वरास जाणारे वाठार स्टेशनावर उतरून टांग्यानें वर जात. आज तें वाठार गाडीच्या खिडकींतून पाहणाराही विरळा. साताऱ्याचें स्टेशन माहुलीच्या अंगाला, कृष्णा-वेण्णा संगमाजवळ. कऱ्हाडचें स्टेशन ओगलेवाडीस, जेथें एके काळीं प्रभाकर कंदील तयार होत व महाराष्ट्राच्या घरोघरीं जात. ताकारीस उतरल्यास सागरेश्वराचा डोंगर व देवराष्ट्रें हीं चालण्याच्या टप्प्यांत, त्यापुढें किर्लोस्करवाडी. आमच्या रेल्वेचें वर्तुळाकार प्रवासाचें तिकीटही आहे, त्यावर आठ ठिकाणीं उतरतां येतें. पण कॉलेजांतल्या वर्गांत हें मीं विचारलें तेव्हां एकालाही तें ठाऊक नव्हतें. युरेलची माहिती मात्र चौघांस होती.

स्टेशनें आहेत, पण उतरून राहावयाचें कोठें? नदीकांठच्या मळ्यांत शिरावें तर शेतकरी हांकलील, आणि तें योग्यच. अभयारण्यांत व कासच्या पठारावर तंबू नकोतच. फुलांवर मेखा ठोकणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाहीं. युरोपांत जें राखीव कुरण असतें तें मात्र आमच्या जिल्ह्यांत नवें निर्माण करावयास नको. पालखीच्या मुक्कामाचे तळ आहेतच. लोणंदास तळही आहे व स्टेशनही आहे. पालखी पुढें गेली कीं तो तळ वर्षभर रिकामा पडतो. नगरपंचायतीनें तेथें नळ व शौचकूप बारा महिने चालू ठेवावे, एक राखणदार नेमावा, माणशीं माफक आकार घ्यावा आणि वारीच्या दिवसांत तळ वारकऱ्यांसाठीं मोकळा करावा. माहुलीस व ताकारीस अशींच दोन कुरणें राखलीं तर सांगलीचें कुटुंब शनिवारीं दुपारच्या गाडीनें निघून रविवारीं रात्रीं घरीं परतेल. ऊसतोडणीच्या हंगामांत त्याच नळांचें पाणी व तींच शौचकूपें कोपीवाल्यांसही खुलीं ठेवावीं, अशी आमची दुसरी सूचना आहे. पहिलीपेक्षां तिलाच विरोध अधिक होईल, हें आम्ही जाणून आहों.