हिरवी अक्षरे आणि रिकामी खुर्ची

काही वर्षांपूर्वी निवडणूक निरीक्षक म्हणून चेन्नईस जाण्याचा योग आला होता. कामाच्या ओघात तेथील एका शासकीय कार्यालयात थोडा वेळ थांबावे लागले. समोरच्या खिडकीशी कागदांची पिशवी घेऊन एक वृद्ध गृहस्थ उभे होते. खिडकीपलीकडची खुर्ची रिकामी होती. मात्र टेबलावरच्या संगणकाचा पडदा अर्धवट बाहेर वळलेला होता आणि त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी, जाडसर अक्षरे एकेक करून उमटत होती. ओळ भरली की ती वर सरके आणि खाली नवी ओळ सुरू होई. मला तमिळ येत नाही, म्हणून सोबतच्या संपर्क अधिकाऱ्यामार्फत मी चौकशी केली. गृहस्थ म्हणाले की अर्धा तास झाला, पण मशीनवर त्यांचेच काम चालू आहे, मध्येच विचारून व्यत्यय कशाला आणायचा?

तो स्क्रीनसेव्हर होता.

थोड्या वेळाने लिपिक आले. त्यांनी माऊस हलवताच हिरवी अक्षरे नाहीशी झाली आणि मागे कोणाचा तरी अर्धवट भरलेला अर्ज जसाच्या तसा दिसू लागला. संगणकाने पासवर्ड विचारला नाही. मला दोन गोष्टी खटकल्या. एक, त्या गृहस्थांची झालेली फसगत. दुसरी अधिक गंभीर: गेल्या अर्ध्या तासात तिथून ये-जा करणाऱ्या कोणालाही त्या लिपिकाच्या नावाने नोंद करता आली असती.

जुन्या टर्मिनलचा आभास निर्माण करणारे असे स्क्रीनसेव्हर बरेच आहेत. 1992 पासून विकसित होत आलेल्या आणि लिनक्सवरही चालणाऱ्या ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ या संग्रहातील एकाचे नावच ‘फॉस्फर’ आहे. तमिळनाडूत लिनक्स अपरिचित नव्हते. ‘एल्कॉट’ या तेथील शासकीय महामंडळाने 2006-07 च्या सुमारास त्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता आणि ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली 2007 मध्ये चेन्नईच्याच सी-डॅकने आणली. तेव्हा एखाद्या तरुण कर्मचाऱ्याने हौसेने हे चित्र निवडले असेल, तर त्या हौसेला दोष देण्याचे कारण नाही.

गंमत अशी की स्क्रीनसेव्हरचा जन्म ज्या दोषातून झाला, त्याचेच हे सोंग आहे. जुन्या काचनळीच्या पडद्यावर आतून फॉस्फरचा लेप असे. एकच मजकूर दिवसचे दिवस त्याच जागी राहिला की तेथील लेप झिजे आणि पडदा बंद केल्यावरही त्या मजकुराची पुसट सावली दिसत राही. ते टाळण्यासाठी हलती चित्रे आली. आजच्या सपाट पडद्यांना त्या अर्थाने या रक्षकाची गरज उरलेली नाही. वीज वाचवायची तर पडदा सरळ बंद होऊ देणेच श्रेयस्कर.

मग खरे टर्मिनल कसे होते? त्यासाठी चेन्नईतच दुसरीकडे जावे लागते. सेंट्रल स्थानकाच्या शेजारी मूर मार्केट नावाची प्रसिद्ध जुनी बाजारपेठ होती. ती 1985 मध्ये आगीत भस्मसात झाली. त्या जागी उभ्या राहिलेल्या रेल्वेच्या इमारतीत आरक्षण केंद्र आहे. रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण 1985-86 मध्ये दिल्लीत सुरू झाले. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रे झाली आणि 1999 मध्ये ती एकमेकांशी पूर्णपणे जोडली गेली. या व्यवस्थेचे काम केवळ अक्षरे दाखवणाऱ्या टर्मिनलांवर चाले. चित्रे नव्हती, माऊस नव्हता. त्या पिढीतील सर्वात गाजलेले टर्मिनल म्हणजे 1978 चे व्हीटी-100. त्यावर 24 ओळी असत आणि प्रत्येक ओळीत 80 अक्षरे.

त्या रुक्ष पडद्याने सामान्य प्रवाशाला काय दिले? पूर्वी विशिष्ट गाड्यांच्या विशिष्ट खिडक्या असत. चुकीच्या रांगेत तासभर उभे राहिलेला माणूस पुन्हा दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाई. संगणकानंतर कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. माझ्या मते आपल्या देशातील शासकीय संगणकीकरणाचा हा सर्वात मोठा लोकाभिमुख लाभ होता, आणि तो खिडकीच्या बाहेरच्या बाजूला मिळाला.

परंतु प्रशासक म्हणून मला त्या खिडकीतील दुसरी एक रीत अधिक मोलाची वाटते. तिथला लिपिक स्वतःच्या ओळखीने यंत्रात प्रवेश करतो आणि पाळी संपली की यंत्रातील विक्री व पेटीतील रोकड यांचा मेळ घालतो. तूट आली तर भरपाई त्याच्याकडून होते. साहजिकच आपले टर्मिनल उघडे टाकून तो चहाला जात नाही आणि आपला पासवर्ड शेजाऱ्याला देत नाही.

महसुली नोंदीचे तसे नाही. रोकड चुकली तर लिपिकाचे नुकसान होते, नोंद चुकली तर नागरिकाचे. सातबाऱ्यावर एक नाव चुकीचे चढले, तर ते चढवणाऱ्याच्या पगारातून त्या दिवशी एक पैसाही कापला जात नाही. खातेदार मात्र वर्षानुवर्षे अपिलांचे हेलपाटे घालत राहतो. पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवणे, डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण मदतनिसाच्या हाती सोपवून दौऱ्यावर जाणे, हे प्रकार महाराष्ट्रात काय किंवा अन्यत्र काय, आपल्यापैकी कोणी पाहिले नाहीत? आणि या सवयी केवळ कनिष्ठांच्याच आहेत, असेही नाही. ‘साहेबांची की’ साहेबांपेक्षा स्वीय सहायकाच्या खणातच अधिक काळ असते.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने 66सी हे कलम आले. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हे कलम चोराला शिक्षा करते. घराचे दार उघडे ठेवणाऱ्याला शिस्त लावायची असेल तर ती कार्यालयप्रमुखानेच लावली पाहिजे.

त्यासाठी मोठ्या योजनेची किंवा निधीची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट, लोकांशी संबंधित प्रत्येक संगणक पाच मिनिटांत आपोआप बंद कुलपात जावा आणि पासवर्डाशिवाय उघडू नये. कुलूप लागल्यावर मागे हिरवी अक्षरे दिसली काय किंवा निळे आकाश दिसले काय, मला हरकत नाही. दुसरी, लिपिक उठून गेला तर किती वाजता परत येणार याची पाटी लोकभाषेत खिडकीवर असावी. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, दर महिन्याला हजेरीपत्रक आणि संगणकातील प्रवेशाची नोंद शेजारी ठेवून तपासावी. रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाने त्या दिवशी एखादी नोंद झालेली आढळली, तर खुलासा मागण्यास तेवढा पुरावा पुरेसा आहे. ही तपासणी अधिकाऱ्याने स्वतःच्या नावापासून सुरू करावी.

त्या दिवशी चेन्नईत आणखी दहा मिनिटांनी त्या वृद्ध गृहस्थांचे काम झाले. लिपिक मुळीच उद्धट नव्हते. जाताना त्या गृहस्थांनी त्यांना हात जोडून नमस्कार केला आणि संगणकालाही केला. ज्या यंत्राने अर्धा तास त्यांच्यासाठी काहीच केले नव्हते, त्याच्याविषयी त्यांच्या मनात एवढा आदर होता. लोकांच्या या विश्वासावरच आपली सारी नोंदपुस्तके उभी आहेत. तो टिकवायचा असेल, तर पडद्यावर काम चालू दिसताना खुर्चीतही कोणी असले पाहिजे, आणि ज्याच्या नावाने नोंद होते तोच असला पाहिजे.