फुकट काम, फुकट सर्टिफिकेट



गेली दोनेक वर्षं मला एका नवीन प्रकारचे फोन येतात. कुणाचा पुतण्या, कुणाची भाची, कुणाच्या शेजारणीची मुलगी... "आजी, तुम्ही त्या संस्थेत जाता ना? मला तिथे इंटर्नशिप करायची होती." मी आनंदाने "ये की" म्हणते. लगेच पुढचा प्रश्न. "रोज यावं लागेल का? की नुसतं सर्टिफिकेट मिळेल?"

याचं कारण उघड आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्याकडच्या कॉलेजांत लागू झालं आणि अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, समाजातलं काम, इंटर्नशिप अशा गोष्टी आल्या. अशा कामाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिटच्या इंटर्नशिपला १२० तास. आता एवढी मुलं जाणार कुठे? मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला कुपवाडच्या एमआयडीसीत कोण विचारणार? मग ती आमच्यासारख्या लहान संस्थांकडे येते.

आमची संस्था म्हणजे दोन खोल्या, तीन कपाटं पुस्तकं आणि वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका. पगारी माणूस एकच, बाकी आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी. मुलांना द्यायला पैसे नाहीत, त्यामुळे इंटर्नशिप बिनपगारी. यावर आमच्याच घरात दोन तट आहेत. सून म्हणते, "आई, हे शोषण आहे. काम करून घेता तर पैसे द्या." उलट माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाई म्हणतात, "सेवेला कसले पैसे? आपण नाही का केलं फुकट?"

माझं मत सांगते. लहान संस्थेत पगाराशिवाय केलेलं काम मुलांच्या फार उपयोगाचं असतं. पण पगाराशिवाय आणि पदरमोड करून यांत फरक आहे, आणि तो फरक आपण संस्थावाले सोयीस्करपणे विसरतो.

आधी उपयोगाचं बोलू. मोठ्या ऑफिसात नवख्या मुलाला एका टेबलाशी बसवतात. पुढच्या टेबलावर काय चालतं ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. आमच्याकडे दोनच टेबलं! कॉमर्सचा एक मुलगा आला होता. त्याने देणगीच्या पावत्या लिहिल्या, व्हाउचरं लावली, वर्षाचा जमाखर्च ऑडिटरकडे जाताना आणि मग धर्मादाय आयुक्तांकडे दाखल होताना पाहिला. देणगीदाराचा पॅन क्रमांक का मागायचा, शंभर रुपयांच्या खडू-डस्टरलासुद्धा बिल का हवं, हे तो पुस्तकात वाचून आला होता. हातात पावतीपुस्तक आल्यावर त्याला ते कळलं.

दुसरं उदाहरण एका मुलीचं. तासगावहून एसटीने यायची. आमच्या अभ्यासिकेत पाचवीच्या पुढच्या मुली टिकत नव्हत्या. समितीतल्या काहींचं ठाम मत होतं की मुलींना अभ्यासाची गोडीच नाही. ही मुलगी वही घेऊन घरोघर गेली. चार दिवसांत उत्तर घेऊन आली. आया कामावरून साडेसहाला येतात, तोवर धाकटी भावंडं या मुलींच्या गळ्यात, आणि आमची अभ्यासिका भरायची पाचला. आम्ही वेळ सातची केली. मुली यायला लागल्या. अहो, इतकी साधी गोष्ट! पण ती विचारायला कुणीतरी दारात जावं लागतं. जाणारीला दार उघडावं असं वाटलं पाहिजे, हेही आलंच. त्या मुलीला वस्तीची भाषा येत होती, कारण ती तशाच घरातून आली होती.

आणि इथेच पैशाचा प्रश्न येतो. रोज चार तास धरले तर १२० तासांचे ३० दिवस होतात. ३० दिवसांचं जाण्यायेण्याचं भाडं. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं म्हणून तिला थोडं तरी परवडलं. मुलांना तीही सवलत नाही. वर दुपारचं खाणं. आणि सुट्टीत कापडाच्या दुकानात उभी राहून जे मिळवायची ते बुडालं, ते वेगळंच. ज्याच्या घरची चूल त्याच्या कमाईवर अवलंबून नाही तो मुलगा स्वतःच्या गाडीवर येतो, १२० तास भरतो आणि जातो. बाकीचे फॉर्मच भरत नाहीत. म्हणजे आम्ही दार सगळ्यांना उघडं ठेवलं असं म्हणतो, आणि आत येतात ती ठरावीक घरांतलीच मुलं. वस्ती ज्यांना कळते तीच बाहेर राहतात. यात संस्थेचंही नुकसान आहे.

"आपण नाही का केलं फुकट?" म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी आठवण करून दिली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. मी कॉलेजात असताना त्यात होते. तेव्हाच ७२ चा दुष्काळ. शिबिरात मातीच्या पाट्या उचलल्या, बांध घातले, हाताला फोड आले. एक पैसा मिळाला नाही, कुणी मागितलाही नाही. पण पिठलं-भाकरी शिबिराची होती, आणि गावाला नेणारी गाडीही शिबिराची होती. वडिलांकडे पैसे मागावे लागले असते तर मला घरातून सोडलंच नसतं. कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं तेही याच जाणिवेतून. गरिबाच्या मुलाला श्रमाची लाज नसावी, आणि श्रम करताना पोटाची काळजीही नसावी.

राज्य सरकारने २०२४ साली युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. एवढं देणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे, ते कुणी मागतही नाही. माझं म्हणणं एवढंच, की आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाच्या खिशातून एक रुपयाही जाऊ नये. एसटीचं भाडं आणि एका वेळचं खाणं संस्थेने द्यावं.

समितीत हे मांडलं तर खजिनदार म्हणाले, "बाई, आणायचे कुठून?" मी हिशोब करून नेला होता (शिक्षकी सवय!). पाच मुलं, ३० दिवस, रोजचे सरासरी ६० रुपये. झाले ९,०००. वार्षिक समारंभात शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं, मांडव यांवर आमचे १४,००० जातात. पाहुण्यांना गुलाबाचं फूल दिलं तर त्यांचा काही अपमान होणार नाही.

पैशाइतकीच दुसरी एक अट संस्थांनी पाळायला हवी. जे काम वर्षभर रोजचं आहे, त्याला पगारी माणूसच हवा. फुकटची मुलं मिळतात म्हणून एका संस्थेने पगारी बाईंना घरी बसवल्याचं मी ऐकलं आहे. याला इंटर्नशिप म्हणत नाहीत. आणि मुलाकडे रोज अर्धा तास बघणारं एक अनुभवी माणूस नेमलेलं असावं. नाहीतर महिनाभर चहा आणून आणि झेरॉक्स काढून मूल परत जातं, आणि समाजकार्य म्हणजे हेच, असं समजून बसतं.

आता मुलांच्या बाजूची अट. बिनकामाचं सर्टिफिकेट मिळणार नाही. यावरून एक नातेवाईक गणपतीपासून माझ्याशी बोलत नाहीत. हे वाचत असतील तर त्यांना पुन्हा सांगते, राग मानू नका. तुमच्या चिरंजीवांना मी आजही बोलावते आहे, पण कामाला. तासगावच्या मुलीने ऊन-पावसात भरलेले १२० तास आणि त्यांचे घरी बसून भरलेले १२० तास एकाच कागदावर सारखेच दिसणार असतील, तर त्या मुलीच्या कागदाला किंमत काय राहिली? म्हणून मी असंही सुचवलं आहे की सर्टिफिकेटवर नुसते तास न लिहिता केलेलं काम लिहावं. "अमुक इतक्या घरांना भेटी दिल्या, अभ्यासिकेची वेळ बदलण्यासाठी पाहणी केली." उद्या मुलाखतीत तिला दोन वाक्यं धीटपणे बोलता येतील.

असो. येत्या रविवारी समितीची बैठक आहे. सर्टिफिकेटचा मुद्दा मंजूर होईल असं दिसतं. शालींवरून मात्र वाद होणार, कारण मागच्या वर्षी शाल मिळालेले दोघे समितीतच आहेत! तुमच्यापैकी कुणी लहान संस्थेत काम करत असाल तर तुम्ही मुलांच्या भाड्याची सोय कशी करता ते मला रविवारच्या आत जरूर कळवा.