चौपन्न मैलांची वर्गणी

वर्गणी म्हटली की आम्हां सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे गणपती उभा राहतो आणि दारात पावतीपुस्तक घेऊन आलेली चार पोरे. देणाऱ्याने कुरकुरत द्यायचे, घेणाऱ्याने पावती फाडून पुढचे दार गाठायचे. वर्गणी मागणाऱ्याने आधी स्वतः घाम गाळायचा, अशीही एक रीत जगात आहे, हे मला कळले ते विलायतेत. आणि तेसुद्धा कोथिंबीर आणायला निघाले असताना!

ह्यांच्या नोकरीमुळे तेव्हा आमचे बिऱ्हाड इंग्लंडच्या दक्षिणेस हेवर्ड्स हीथ या गावी होते. 2018 सालच्या जूनमधला रविवार. पिशवी घेऊन बाहेर पडते, तो रस्ता सायकलींनी भरून वाहत होता. म्हातारे, पोरसवदा मुली, चांगली पोटे सुटलेले बाप्ये. एक गेला की मागून दहा! पलीकडे जायला फट मिळेना. क्षणभर मला वाटले, गिरणीचा भोंगा झाला की काय!

लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले की पाळी सुटल्यावर अस्साच लोंढा येई. जुनी गिरणी 1963 सालीच बंद पडली होती, पण इतर गिरण्या चालू होत्या. त्यांतल्याच एकीत आमचे अण्णा कारकून. जाताना हँडलला अडकवलेल्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. येताना तोच डबा रिकामा खडखडे. तो खडखडाट ओळखून आई चहाचे आधण ठेवी. इतक्या सायकलींत तिला तो एकच आवाज कसा ऐकू येई, देव जाणे.

असो. कोपऱ्यावर बायकांनी टेबल मांडून चहा आणि केक विकायला ठेवले होते. शेजारच्या कठड्यावर साठीचे एक गृहस्थ घाम पुशीत बसले होते. मी विचारले, "शर्यत आहे का?"

ते हसले. शर्यत मुळीच नव्हती. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनपासून ब्रायटनच्या समुद्रापर्यंतचा हा 54 मैलांचा प्रवास. म्हणजे सोलापूरहून पंढरपूर गाठायचे आणि वर आणखी दहाबारा किलोमीटर जायचे. 1976 साली थोड्या हौशी मंडळींनी ही प्रथा पाडली आणि 1980 पासून ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या संस्थेने तिला हाताशी धरले. आता हजारो लोक जातात. 'मी 54 मैल सायकल मारतो, तुम्ही काय द्याल?' असे शेजाऱ्यांना, कचेरीतल्या सोबत्यांना, मामा-मावश्यांना आधी विचारून ठेवायचे. जमलेली रक्कम हृदयविकाराच्या संशोधनाला. शेवटी तर डिचलिंग बीकनचा उभा चढ आहे. तिथे भलेभले उतरून सायकल ढकलतात.

मनात म्हटले, अजब आहेत हे लोक! द्यायचे तर सरळ द्या की. ह्याने पायडल मारल्याने त्याचे हृदय कसे बरे होणार? पण लगेच संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आठवली. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापिलेल्या 68 लिंगांना प्रदक्षिणा घालताना ते उंच, जड नंदीध्वज पेलणाऱ्यांना कधी कुणी विचारले आहे का, की बाबांनो, यातून काय निघणार? देह झिजवल्याशिवाय मागणे खरे वाटत नाही, हे आपल्याला का ठाऊक नाही? एवढेच की आपला नवस बहुधा आपल्या घरापुरता. यांचा, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी. मला स्वतःला अजूनही गुप्तदानच बरे वाटते. पण गुप्तदानाच्या नावाखाली काहीच न देणारे किती, हेही मी पाहिले आहे. त्यांत मीही आले.

गृहस्थ उठले, तेव्हा त्यांच्या पाठीवर टाचलेला कागद दिसला. 'वडिलांसाठी' असे त्यावर लिहिले होते. त्या दिवशी तिकडे पितृदिन होता. आपण पितरांना पंधरवडा देतो, ते एका रविवारात उरकतात, असे एरवी मी म्हटले असते. तेव्हा सुचले नाही.

अण्णांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली ती रात्रपाळीच्या हिशेबावर बसले असताना. कुणाला न सांगता ते सायकलीवर टांग टाकून एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टर ओरडले, तर म्हणाले, "रिक्षाला उगाच पैसे कशाला?" पुढे चार वर्षांनी ते गेले तेव्हा मी परदेशात होते. पोहोचले तिसऱ्या दिवशी. सायकल जिन्याखाली होती, डबा हँडललाच.

हे सारे मी त्या अनोळखी माणसाला, मोडक्या इंग्रजीत, का सांगितले कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतले, खिशातून पेन काढले आणि माझ्याकडे पाठ केली. म्हणाले, "खाली जागा आहे. लिहा."

मी मराठीत 'अण्णा' लिहिले. टेबलावरच्या डब्यात दहा पौंडांची नोट टाकली. ते गर्दीत मिसळले. वळणापर्यंत तो कागद दिसत होता. अण्णांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

कोथिंबीर राहिलीच. घरी येऊन सोलापूरला फोन लावला आणि आईला सगळे सांगितले.

"दहा पौंड म्हणजे किती गं?" आईने विचारले.

"नऊशेच्या आसपास."

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "त्यांनी नसते हो देऊ दिले."