बांध सरकला, सालदार निघाला



शेजाऱ्याने वीतभर बांध कोरला तर आपण काय करतो? मोजणीचे पैसे भरतो, खुणा रोवून घेतो, नाही जमले तर दावा लावतो. बापाने लावलेला दावा पोरगा चालवतो. बांधावर आपली नजर एवढी पक्की. पण 2008 साली अख्ख्या महाराष्ट्राचे राजकीय बांध सरकले, तेव्हा मोजणी पाहायला आपल्यातले किती गेले होते? पुढाऱ्यांची नजर मात्र नकाशावरून हलत नव्हती.

झाले ते असे. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने 2001 ची जनगणना धरून मतदारसंघ नव्याने आखले. फेब्रुवारी 2008 मध्ये ते लागू झाले. राज्याच्या लोकसभेच्या 48 आणि विधानसभेच्या 288 जागा तेवढ्याच राहिल्या, पण आतल्या रेषा फिरल्या. विदर्भाच्या विधानसभेच्या जागा 66 वरून 62 झाल्या. ठाणे जिल्ह्याच्या 13 होत्या, त्या 24 झाल्या. पोट भरायला माणूस शहरात गेला आणि त्याच्यामागून आमदारही गेला. कोरडवाहू रान तेवढे जागेवर राहिले. रानाला मत नसते.

अनुसूचित जातींसाठी लोकसभेच्या बुलढाणा, पंढरपूर आणि उस्मानाबाद या तीन जागा राखीव होत्या. ते आरक्षण तिथून उठले आणि अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर या पाच जागा राखीव झाल्या. मग 2009 च्या निवडणुकीआधी बिऱ्हाडे हलली. आपल्या कापसाच्या मुलखातलेच उदाहरण घ्या. 2004 साली बुलढाण्यात आनंदराव अडसूळ आणि मुकुल वासनिक समोरासमोर होते. अडसूळ जिंकले, वासनिक हरले. 2009 साली अडसूळ अमरावतीत उभे राहिले, वासनिक रामटेकला. दोघेही निवडून आले. दोघांना दोन नवी घरे मिळाली. बुलढाण्याच्या शेतकऱ्याने पाच वर्षांचा हिशेब कोणाला मागायचा? जिंकलेला गेला आणि हरलेलाही गेला.

पंढरपूरचे खासदार रामदास आठवले शिर्डीला गेले आणि पडले. कोल्हापूरकडचे जयवंतराव आवळे लातूरहून निवडून आले. शरद पवारांच्या बारामतीचे आरक्षण बदलले नव्हते, तरी ते नव्या माढा मतदारसंघात आले, जिंकले, आणि 2014 ची लोकसभा न लढवता राज्यसभेवर गेले.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. यात दोष राखीव जागांचा नाही. राखीव जागा खुली झाली की दलित उमेदवाराला बिऱ्हाड का हलवावे लागते? कारण खुल्या जागेवर त्याला तिकीट द्यायला पक्ष सहसा तयार नसतात. लोक मते देत नाहीत म्हणावे, तर सोलापूरची जागा खुली असताना 1998 आणि 1999 साली सुशीलकुमार शिंदे तिथूनच निवडून आले होते. म्हणजे अडले आहे ते पक्षांच्या तिकीट वाटणाऱ्यांत. आरक्षणाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

कायद्यानेही पुढाऱ्याला आडकाठी नाही. लोकसभेला उभे राहायला काही मोजके अपवाद सोडले तर देशात कुठेही मतदार असणे पुरते. तेव्हा माणूस बाहेरून आला एवढ्यावरून आम्ही त्याला वाईट म्हणणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. सालदार पाडव्याला धनी बदलतो, तेव्हा जुन्या धन्याची उचल फेडून जातो. उचल अंगावर ठेवून निघाला तर नवा धनी ती चुकती करतो, तेव्हाच त्याला कामावर घेतो. पुढारी मात्र आमच्या मतांची उचल घेतो, बांध सरकताच दुसऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहतो, आणि तिथला नवा धनी जुन्या हिशेबाची वही मागतच नाही. आमचे उलट आहे. तालुका बदलो, मतदारसंघ बदलो, सोसायटीचे कर्ज सातबाऱ्यावरून हलत नाही.

बांध सरकला की धनीही फुटतो. यवतमाळ जिल्हा पाहा. जिल्हा एक, पीक एक, बाजार एक, पण उमरखेड हिंगोली मतदारसंघात, वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उरलेला यवतमाळ-वाशिममध्ये. मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात, पण मत रावेरला. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ती माफी वर्षअखेरपर्यंत, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात चालू राहिली. तेव्हा एका जिल्ह्याच्या कापूसवाल्याने तीन खासदारांच्या दारात जायचे, आणि तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवायचे!

रेषा पुन्हा हलणार आहेत. जिल्हा परिषदेचे गट-गण 2025 सालीच नव्याने आखले गेले. लोकसभा-विधानसभेचे बांधही कायमचे नाहीत. म्हणून या बैठकीत तीन गोष्टी ठरवून उठावे.

पहिली, प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल त्या दिवशी आपल्या गावाचे नाव कुठे पडले ते पाहायचे आणि मुदतीत लेखी हरकत द्यायची. अंतिम आदेश निघाल्यावर कोर्टाचे दार जवळजवळ बंद असते.

दुसरी, प्रत्येक तालुक्याने एक वही ठेवायची. कोणी कोणत्या सभेत काय कबूल केले, सभागृहात काय बोलला, मत कुठे दिले, तारखेसह लिहायचे. पुढारी मतदारसंघ सोडून गेला, की त्या वहीची नक्कल तिथल्या शेतकरी भावांना पाठवायची. आपल्या बैठका जिल्ह्याजिल्ह्यात होतात त्या कशासाठी?

तिसरी, नवा माणूस मते मागायला आला की हारतुरे बाजूला ठेवून आधी विचारायचे : जिथून आलात तिथला हिशेब कुठे आहे?

उचल चुकती केल्याशिवाय सालदार ठेवायचा नाही, हा आपल्या घराचा नियम. तोच मतपेटीला लावू या.