मनगटावरचा काळा दोरा

घणसोली गावात आम्ही राहतो त्या चाळीला एकच नळ. पाणी पहाटे येतं. त्या नळावर रोज दोन मनगटं भेटतात. एक शेजारच्या मावशीचं. मावशी झाडूवाली, ठेक्यावर, निघायच्या घाईत. दुसरं आमच्या खोलीतल्या पोराचं. बी.कॉम. झालेला, आपल्यातलाच, रात्रपाळी करून नुकताच उतरलेला. दोघांच्याही मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काय प्रगती आहे राव! झाडूवालीपण स्मार्ट, कारकूनपण स्मार्ट. एकविसावं शतक थेट गावठाणातल्या मोरीपर्यंत आलं.

जरा जवळ येऊन बघा, दोस्तहो.

पोरानं घड्याळ स्वतः घेतलंय, हप्त्यावर. ते त्याची पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, झोप मोजतं. दहा हजार पावलं झाली की थरथरून शाबासकी देतं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं शोधून काढला? कुठल्याच नाही. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जाहिरातीतलं नाव पुढं आरोग्याचा मंत्र होऊन बसलं. मावशी वाकून झाडत झाडत न्याहारीच्या सुट्टीपर्यंत असली किती पावलं टाकते त्याचा हिशेब नाही. तिला कोणी थरथरून शाबासकी देत नाही.

मावशीचं घड्याळ तिनं घेतलेलं नाही. ते तिला बांधलंय. त्यात तिला बघण्यासारखं वेळेशिवाय काहीच नाही. बघणारा दुसराच आहे, आणि तो बघतो ते तिला कधीच दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. कुठल्या शहरात झाडते, ठेकेदार कोण, हे मी लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या तिच्या हातातला झाडू जाईल. गुन्हा काय? तर ती नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेली. मुकादमानं मोबाइल पुढं धरला. नकाशावर एक लाल ठिपका. मावशी मला म्हणाली, "लेकरा, माझ्या हद्दीत बाईमाणसाला संडास नाही. पलीकडच्या रस्त्याला जावं लागतं. त्याला सांगितलं तर तो हसला. आता ह्या ठिपक्याला मी काय सांगू?"

ठिपक्याला काय सांगणार? ठिपक्याला मूत्राशय नसतं. ठिपक्याला पाळी येत नाही. ठिपका थकत नाही. माणसाचा ठिपका केला की माणसाबरोबर यायचे सगळे प्रश्न बिनबोभाट गायब होतात.

हे यंत्र चालतं कसं तेही समजून घेऊ. नुसत्या शिव्या घालून भागत नाही. आकाशातले उपग्रह अचूक वेळेचे संदेश पाठवतात. घड्याळ ते पकडतं आणि आपण पृथ्वीवर कुठं आहोत याचं गणित करतं. मग आतलं सिमकार्ड तो आकडा मोबाइलच्या जाळ्यातून साहेबाच्या पडद्यावर नेतं. पडद्यावर आधीच एक कुंपण आखलेलं. ठिपका कुंपणाबाहेर गेला की गैरहजर. उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत संदेश भिंतीवर आपटून येतात, त्यामुळं गणित चुकतं, माणूस जागेवर असून ठिपका पलीकडच्या रस्त्यावर जातो. यंत्राची ही चूक यंत्र बनवणाऱ्याला माहीत असते. पगार कापणाऱ्याला ती माहीत नसते, नाहीतर माहीत करून घ्यायची नसते.

आणि हे परवडायला कधी लागलं? ह्याच घणसोलीत ठाणे-बेलापूर रस्त्याला रिलायन्सचं कॉर्पोरेट पार्क उभं आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, पहिले काही महिने सगळं फुकट. आपली पोरं सिमकार्डासाठी रांगेत उभी राहिली, मीही राहिलो. देशभर डेटा स्वस्त झाला. छान झालं, बाबासाहेबांची भाषणं आपण त्याच मोबाइलवर ऐकली. पण डेटा जसा आपल्याला स्वस्त झाला तसा आपल्यावर पाळत ठेवणाऱ्यालाही स्वस्त झाला. एका माणसामागं एक सिमकार्ड लावणं मुकादम ठेवण्यापेक्षा कमी पैशात बसायला लागलं. फुकटच्या रांगेत उभं राहताना हा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला? मी नाही केला.

नागपूर, नवी मुंबई, इंदूर, लखनौ, पंचकुला, चंदीगड. २०२० च्या आसपास ह्या आणि अशा शहरांच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं आली. काही ठिकाणी त्याला नाव दिलं, 'ह्यूमन एफिशियन्सी ट्रॅकिंग सिस्टीम'. माणसाची कार्यक्षमता मोजायची म्हणे! चंदीगडच्या कामगारांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. संडासला जातानाही कोणीतरी बघतंय अशी धास्ती वाटते, हे बायकांनी उघड सांगितलं. कोणाला लाज वाटली?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतले रिवाज नोंदवून ठेवलेत. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, हे आपल्याला पाठ आहे. दर जयंतीच्या भाषणात येतं. पण तिथंच आणखी एक गोष्ट आहे, ती आपण वाचून पुढं जातो. अस्पृश्यानं मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. कशासाठी? तर कोण आला ते लांबून कळावं, चुकून विटाळ होऊ नये. मनगटाला काळा दोरा! तो दोरा सांगायचा, हा कोण आहे आणि कुठं उभा आहे. आजचं घड्याळ दुसरं काय सांगतं? तेव्हाचा हुकूम होता, जवळ येऊ नकोस. आजचा हुकूम आहे, हद्द सोडू नकोस. कमरेचा झाडू हातात आला, दोऱ्याला बॅटरी बसली.

कोणी शहाणा म्हणेल, जातीचा इथं काय संबंध? २०२४ मध्ये केंद्र सरकारनंच गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या ३८ हजार कामगारांची नोंद केली. त्यात शंभरातले ९२ अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय. नुसते अनुसूचित जातीचे शंभरात ६९ च्या आसपास. आता सांगा संबंध. दुसरा शहाणा म्हणेल, हजेरी तर बँकेतल्या साहेबालाही द्यावी लागते. खरं आहे. साहेब सकाळी एक अंगठा लावतो, संध्याकाळी एक. मधल्या वेळात तो चहाला गेला, सिगारेटला गेला, मुतायला गेला, तर नकाशावर ठिपका पेटत नाही. तिसरा म्हणेल, बोगस हजेरी पकडायला हवी ना? हवीच. पण कागदावर खोटी माणसं उभी करून बिलं कोण काढतं? झाडूवाली काढते काय? मग घड्याळ बिलावर सही करणाऱ्याच्या मनगटाला का नाही?

गैरसमज नको. आपण यंत्राचे दुश्मन नाही. चरख्याचं प्रवचन आपल्याला कोणी देऊ नये. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं त्याचा हिशेब मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलं की यंत्रामुळंच माणसाला ढोरमेहनतीतून सुटून फुरसत मिळते, फुरसतीतून संस्कृती येते, आणि दोष यंत्राचा नसून खाजगी मालकी पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. आपली भूमिका हीच.

घड्याळाचंच घ्या. हे घड्याळ कामगारानं एकदा मालकाकडून हिसकावून घेतलेलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे हा जोतिबांचा सत्यशोधक सहकारी. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यानं रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली. १० जून १८९० ला रविवार मिळाला. पुढं बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना कारखाना कायद्यात दुरुस्ती आली आणि १९४६ मध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा पडली. ते घड्याळ मालकाला बांधत होतं. इतके वाजले, आता यंत्र बंद कर! मावशीचं घड्याळ मालकाला काहीच विचारत नाही. जादा तास राबवलं तर ते थरथरत नाही. पगार दोन महिने थकला तर ठिपका लाल होत नाही. हातमोजे मिळाले नाहीत तर कुठं घंटा वाजत नाही.

आणि जिथं यंत्र हवं तिथं ते येत नाही. २०१३ चा कायदा म्हणतो, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायचं नाही. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ ला. महापरिनिर्वाणदिनाला! काय मुहूर्त साधला! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख. म्हणजे भाव वाढतोय, मरणं चालूच आहेत. मॅनहोलमधला विषारी वायू ओळखणारं छोटं यंत्र मिळतं. केरळच्या इंजिनियर पोरांनी मॅनहोलमध्ये स्वतः उतरणारा यंत्रमानव बनवला, तिरुवनंतपुरममध्ये तो २०१८ लाच कामाला लागला. यंत्र नाही असं नाही. मग आधी काय विकत घेतलं? माणूस वाचवणारं यंत्र, की माणूस सापडवणारं? नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये देशात तिसरी आली. त्या पाट्या आपण स्टेशनाबाहेर वाचतो. पाटीवर शहराचं नाव असतं. झाडणारीचं नाव ठिपक्यात.

आता आपल्याबद्दल. कारण हे मासिक मावशी वाचत नाही, आपण वाचतो. नवा मोबाइल आला की त्याचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यावर आपण तासभर हुज्जत घालतो. हप्ते फेडायला रात्रपाळी करतो. आपलं घड्याळ आपल्यालाच माहिती देतं म्हणून आपण स्वतःला मोकळे समजतो. पण डिलिव्हरीच्या पिशव्या वाहणारे आपले भाऊ बघा, त्यांचाही ठिपका झालाच. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं मात्र नोकरीच्या कारणासाठी माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची वाट मालकाला मोकळी ठेवली. आज मावशीचं मनगट, उद्या बी.कॉम.चं.

मग काय, घड्याळं गटारात फेकायची? मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं. मावशीनंच अडवलं. म्हणाली, "फेकू नको रे. बारा वर्षं झाडते, पण माझ्याजवळ एक चिठोरं नाही. निदान ह्याला तरी माहीत आहे मी रोज येते."

ह्या बाईनं आम्हा शिकलेल्यांना धडा दिला. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं ठेक्यावरच्या २,७०० सफाई कामगारांना कायम करण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात झगडा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला. ठेका कामगाराच्या खटल्यात नेहमी अडतं कुठं? हा माणूस इथं कामाला होता, त्यानं २४० दिवस भरले, याला पुरावा काय? ठेकेदार बदलतो, हजेरीपुस्तक हरवतं, नावात चूक निघते. आता पुरावा आहे. दर मिनिटाचा आहे. फक्त तो आपल्या ताब्यात नाही.

म्हणून मागणी अशी करू. मनगट आमचं तर नोंदही आमची. दर महिन्याला हजेरीचा छापील उतारा कामगाराच्या हातात द्या. ठिपक्यावरून पगार कापायचा नाही. आधी माणसाला विचारा. हद्द आखाल तर हद्दीत बायकांचा संडास दाखवा. सुट्टी झाली की घड्याळ बंद. तेच घड्याळ जादा तास मोजेल आणि त्याचे पैसे द्यावे लागतील. आणि घड्याळाच्या आधी हातमोजे, बूट, वायू ओळखणारं यंत्र.

हे मिळवायला आधी माहिती लागते. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. आपल्या शहरात घड्याळं कोणी पुरवली, एका मनगटाचे किती पैसे लागले, करारात काय लिहिलंय, माहिती किती दिवस साठवतात, किती पगार कापले, कोणाच्या सहीनं कापले. एवढंच विचारायचं. मावशीच्या नावानं नको, तिचं काम जाईल. आपल्या नावानं. ज्याला हप्त्यावर घड्याळ घेता येतं त्याला दहा रुपयेही परवडतात.

आमच्या खोलीतल्या पोरानं अर्ज लिहिलाय. पहाटे नळावर त्यानं तो मावशीला वाचून दाखवला. दोरीला दोन टोकं असतात, दोस्तहो. एक मावशीच्या मनगटाला बांधलंय. दुसरं ओढून बघू या, कोण बाहेर येतो ते.

जय भीम.