‘टाकलंत म्हणे?’



दशलक्षण पर्वात मंदिराबाहेर चपला घालत होते, तेव्हा एकीने विचारलं, "सासूबाईंना आश्रमात टाकलंत म्हणे?" घरी येईपर्यंत तो ‘टाकलंत’ डोक्यातून गेला नाही. विचारलं मला. शेजारीच उभ्या असलेल्या ह्यांना नाही, म्हणजे सख्ख्या मुलाला नाही!

आई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर विसरभोळेपणा एकदम वाढला. रात्री दोन वाजता उठून गॅस पेटवायच्या, दार उघडून जिन्यात जायच्या. दिवसा एक, रात्री एक अशा बायका ठेवल्या, त्या टिकल्या नाहीत. दीड वर्ष मी सलग चार तास झोपले नसेन. शेवटी चेण्याजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात त्यांना ठेवलं. फाउंटनच्या पुढे, गायमुख घाटाच्या अलीकडे. लोक पावसाळ्यात चेण्याच्या नदीवर सहलीला जातात, आम्ही त्याच रस्त्याने डबा घेऊन जातो.

माझी खरी काळजी जेवणाची होती. तिथे रात्रीचं जेवण साडेसातला, आणि भाजीत कांदा-बटाटा. आई मला कधी कधी ‘ताई’ म्हणतात, मुलाला ओळखतातच असं नाही. पण खिडकीतला उजेड गेला की पाण्याचा पेलासुद्धा बाजूला सारतात. पहिले दोन दिवस त्या उपाशी झोपल्या. मग स्वयंपाकघरातल्या मावशींना सांगितलं. त्या जैन नाहीत. तरी साडेपाचला मूगडाळीची खिचडी वेगळी काढतात, पाणी उकळून गाळून देतात. थंडीत सहाच्या सुमारास मावळतं म्हणून पाचलाच ताट आणतात. हे मी त्यांना शिकवलेलं नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात वैयावृत्त्य हे अंतरंग तप सांगितलं आहे. ज्यांची सेवा करायची त्यांत ‘ग्लान’, म्हणजे आजारी, हेही आहेत. तिथे बोलणं साधूंचं आहे, मान्य. पण महाराज गावात आले की आपण बायका पाळ्या लावून चौका सांभाळतो, आणि त्याच संघातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे जायला आपल्याला वेळ नसतो, हे मला पटत नाही.

सगळेच आमच्यासारखे जातात असंही नाही. आईंच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींकडे फक्त पैसे येतात, माणूस येत नाही. त्याला मी टाकणंच म्हणेन. 2007 च्या कायद्याने ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मुलांकडून महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ताही मागता येतो. पण ‘रविवारी भेटायला या’ असा हुकूम कुठलं न्यायाधिकरण देणार?

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी जागा बघायला संध्याकाळी जा, न सांगता. सकाळी सगळीकडे फिनाईलचा वास असतो. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी कोण बदलतं ते विचारा. नंतर पाठ, टाचा स्वतः बघा. आईंच्या टाचेला लाली मलाच दिसली होती, नाहीतर जखम झाली असती. आणि भांडू नका. भांडून आपण निघून येतो, त्या तिथेच राहतात.

मी दर रविवारी साडेतीनला मीरा रोडहून निघते, घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे जरा लवकरच. आई णमोकार अजून पूर्ण म्हणतात, सोबत कोणी असलं तर मोठ्याने. गाडीत दोन जागा रिकाम्या असतात.