शेवटचे नव्वद मैल

डिसेंबर उजाडला की आमच्या ऑनसाइट मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "लाँग वीकेंडला डेन्व्हर. स्कीइंग. कोण कोण?" पुढची दहा मिनिटं विमानाचं तिकीट कुणाला किती स्वस्त मिळालं याची चढाओढ चालते. वीस डॉलर वाचवायला हे लोक तीन साइट्स, दोन क्रेडिट कार्डं आणि एक कुपन कोड पालथे घालतात. मग कुणीतरी लिहितो, "एसयूव्ही मी बुक करतो." बास, विषय संपला. विमानाच्या हजार मैलांवर तासभर खल झाला, पण विमानतळापासून डोंगरापर्यंतच्या शेवटच्या नव्वद मैलांवर एक अक्षर नाही. जणू ती गाडी तिकिटासोबत फुकट येते!

माझा राग नेमका यावर आहे. डेन्व्हरला उतरून स्कीइंगला जायचं म्हणजे एसयूव्ही भाड्याने घ्यायचीच, हे आपण इतकं गृहीत धरलंय की दुसरा रस्ता आहे का, असं विचारणारा माणूस चक्रम ठरतो. आणि दुसरा रस्ता आहे. नुसता रस्ता नाही, चक्क रूळ आहेत.

आधी हिशोब करू, कारण आपल्या लोकांना बाकी काही नाही तरी हिशोब पटतो.

डेन्व्हर विमानतळावरून शहरातल्या युनियन स्टेशनला जाणारी ए लाइन ही लोकल २०१६ साली सुरू झाली. साधारण सदतीस मिनिटं आणि दहा डॉलर. त्याच युनियन स्टेशनवरून हिवाळ्यात ॲमट्रॅकची विंटर पार्क एक्सप्रेस सुटते. सकाळी सातच्या सुमारास निघाली की दोन-सव्वादोन तासांत विंटर पार्क रिसॉर्टच्या पायथ्याशी. पायथ्याशी म्हणजे खरोखर पायथ्याशी. प्लॅटफॉर्मवर उतरायचं, स्की खांद्यावर टाकायच्या आणि चालत लिफ्टपाशी जायचं. २०२४-२५ च्या मोसमात ही गाडी गुरुवार ते सोमवार धावली आणि एका बाजूचं भाडं एकोणीस डॉलरपासून सुरू होत होतं. म्हणजे विमानतळ ते बर्फ एकोणतीस डॉलर, जाऊन-येऊन अठ्ठावन्न.

आता एसयूव्ही. दिवसाला ऐंशी डॉलर धरा, दोन दिवसांचे एकशेसाठ. त्यावर विमानतळाची फी आणि टॅक्स मिळून चाळीस. काउंटरवरचा माणूस गोड बोलून गळ्यात मारतो त्या इन्शुरन्सचे पन्नास. पेट्रोल तीस, पार्किंग चाळीस. झाले तीनशेवीस. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. एकटे असाल तर तीनशेवीस, दोघे असाल तर एकशेसाठ, चौघे असाल तर ऐंशी. पाच जण, पाच बॅगा आणि पाच जोडी स्की कोंबल्यात तर माणशी चौसष्ट, तेही मधल्या सीटवरचा बिचारा गुडघे कानाशी घेऊन बसणार असेल तर.

कुणी म्हणेल, एकोणीस हे सुरुवातीचं भाडं, उशीर केला की वाढतं. बरोबर आहे. ऐन वेळी तिकीट काढलंत तर चौघांची गाडी जिंकू शकते, हे मला मान्य आहे. पण विमानाचं तिकीट दोन महिने आधी काढणाऱ्याला रेल्वेचं तिकीट दोन महिने आधी काढता येत नाही, हे काही पटत नाही बुवा.

विंटर पार्क नको, ब्रेकनरिज किंवा कॉपरला जायचंय? राज्य सरकारच्या वाहतूक खात्याची बस्टँग नावाची बस २०१५ पासून चालते. डेन्व्हरहून फ्रिस्कोला उतरा. तिथून समिट काउंटीची बस ब्रेकनरिजला, कॉपरला, कीस्टोनला नेते, आणि ती फुकट आहे. अरापाहो बेसिनसारख्या ठिकाणी थेट जाणारी स्नोस्टँग नावाची बहीणही २०१९ च्या हिवाळ्यात आली. याउलट विमानतळावरून सुटणाऱ्या खाजगी शटल व्हॅनचं एका बाजूचं भाडं बघा आणि मग शांतपणे पाणी प्या.

आता पैशांपलीकडचा मुद्दा, आणि माझ्या मते जास्त गंभीर.

आपण गाडी चालवायला शिकलो कुठे? पुण्यात, नाशकात, ठाण्यात. पावसात चालवलीय, खड्ड्यांत चालवलीय, गणपतीच्या मिरवणुकीत चालवलीय. बर्फात? विंटर पार्कला जाणारा रस्ता बर्थड पासवरून जातो. उंची ११,३०७ फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. नागमोडी वळणं, खाली काळा बर्फ, समोरून ट्रक. आणि तिथे आपला हिरो पहाटे पाच वाजता, चार तासांच्या झोपेवर, आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर गाडी हाणणार. "ऑल व्हील ड्राइव्ह आहे रे, काही होत नाही." अरे बाबा, ऑल व्हील ड्राइव्हने गाडी चढते. थांबवायचं काम टायर करतात. आणि भाड्याच्या गाडीला कुठले टायर लावलेत हे तुम्ही बघितलंत का?

कोलोरॅडोचा कायदा मात्र बघतो. आय-७० या महामार्गाच्या डोंगराळ पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात गाडीला बर्फाला योग्य टायर तरी हवेत, नाहीतर साखळ्या जवळ हव्यात. ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी टायरची खोली तीन-सोळांश इंच लागते. पुरेशी तयारी नसताना रस्ता अडवून बसलात तर साडेसहाशे डॉलरच्या वर दंड होऊ शकतो. वाचवलेल्या वीस डॉलरांचं काय झालं मग?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अमेरिका आहे ती. लोकवस्ती विरळ. इथे ट्रेन परवडत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी आय-७० वर उभं राहून बघा, विरळ काय दिसतं ते. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात जे दिसतं तेच, फक्त छपरावर स्की बांधलेल्या. हजारो माणसं, एकाच वेळी, एकाच दिशेने, त्याच चार-पाच ठिकाणी निघालेली, आणि संध्याकाळी तीच सगळी उलट दिशेने. ट्रेनसाठी याहून सोपा प्रॉब्लेम शोधून मिळणार नाही. आपण सर्व्हरवर पीक लोड आला की प्रत्येक युजरला वेगळा सर्व्हर देत नाही. इथे मात्र प्रत्येकाला दोन टनांचा वेगळा डबा दिलाय आणि मग "ट्रॅफिक फार आहे हो" म्हणून रडतोय. २०१५ साली परतीच्या बाजूला जादा पैसे घेणारी एक्सप्रेस लेन आली, २०२१ मध्ये जाणाऱ्या बाजूलाही आली. म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याची कोंडी कमी. उपाय कुणासाठी आहे ते बघा.

आणि इतिहास बघितला तर राग दुप्पट होतो. ती ट्रेन ज्या मोफॅट बोगद्यातून जाते तो सहा मैलांहून लांब बोगदा १९२८ साली सुरू झाला, आणि तो बांधला लोकांच्या पैशाने, त्यासाठी खास जिल्हा स्थापून, कर्जरोखे काढून. विंटर पार्क रिसॉर्ट १९४० मध्ये डेन्व्हर शहराने सुरू केलं आणि त्याची मालकी आजही शहराकडे आहे, चालवते मात्र खाजगी कंपनी. त्याच १९४० पासून तिथे स्की ट्रेन जात होती. म्हणजे शहराचा डोंगर, लोकांचा बोगदा, आणि सामान्य माणसाला तिथे नेणारी गाडी. सगळं जागेवर होतं. ही गाडी २००९ मध्ये बंद पडली. विमा महाग, स्टेशनचं नूतनीकरण, नेहमीची कारणं. सहा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग २०१५ च्या मार्चमध्ये रिसॉर्टच्या पंचाहत्तरीनिमित्त गंमत म्हणून गाडी सोडली, तर तिकिटं काही तासांत संपली. मागणी नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. २०१७ पासून ती दर हिवाळ्यात नियमित सुरू झाली, मध्ये कोव्हिडने घेतलेला खंड सोडला तर.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली ती मुंबईच्या रेसच्या शौकिनांना वीकेंडला पुण्यात न्यायला. श्रीमंतांच्या चैनीसाठी सुरू झालेली गाडी पुढे पास काढणाऱ्या चाकरमान्यांची झाली. रूळ एकदा असले की त्यावर कोण बसेल हे बदलता येतं.

स्वित्झर्लंडचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात ते श्रीमंत आहेत. श्रीमंत आहेत म्हणून ट्रेन आहे, की ट्रेन आहे म्हणून डोंगरात गर्दी असूनही डोंगर शिल्लक आहे? झ्युरिक आणि जिनिव्हा, दोन्ही विमानतळांवर रेल्वे स्टेशन आहे. झेरमाटला पेट्रोलच्या गाड्यांना प्रवेशच नाही. गाडी खाली टेश गावात ठेवा आणि रेल्वेने वर या, आपल्या माथेरानला गाडी दस्तुरीला सोडावी लागते तसं. ग्रिंडेलवाल्डला तर २०२० मध्ये नवं टर्मिनल बांधताना रेल्वे स्टेशन आणि गोंडोला एकाच छपराखाली आणले. स्वस्त नाहीये तिथे काही. पण गाडी नसलेल्या माणसाला तिथे कुणी कमी लेखत नाही.

आता मी ज्या ट्रेनची आरती ओवाळतोय तिचे दोषही सांगतो. सकाळी सातला सुटणारी गाडी ही डेन्व्हरमध्ये राहणाऱ्यांसाठी आखलेली आहे, विमानाने येणाऱ्यांसाठी नाही. तुमचं विमान सकाळी दहाला उतरलं की ती केव्हाच गेलेली असते. आदल्या रात्री येऊन शहरात मुक्काम करावा लागतो, आणि तो खर्च वरच्या हिशोबात नाही. दुपारी किंवा संध्याकाळी एक गाडी वर सोडा, भाड्याच्या निम्म्या एसयूव्ही आपोआप कमी होतील. बस्टँगच्या फेऱ्याही मोजक्याच. हे दोष खरे आहेत, पण ते "म्हणून गाडीच घ्या" याचं कारण होत नाहीत. ते "अजून फेऱ्या द्या" याचं कारण होतात. आणि फेऱ्या कशाने वाढतात? आपण तिकीट काढल्याने.

सुदैवाने सरकार हलतंय. मोफॅट बोगद्याचा जुना ९९ वर्षांचा भाडेकरार जानेवारी २०२५ मध्ये संपला. नव्या कराराच्या वाटाघाटीत राज्याने रेल्वे कंपनीकडे पॅसेंजर गाड्यांसाठी वाट मागितली. त्याआधी २०२४ साली एक कायदा झाला, ज्यात भाड्याच्या गाड्यांवर दिवसाला तीन डॉलरपर्यंत फी लावून तो पैसा रेल्वे आणि बससाठी वापरायची सोय आहे. मला हे भयंकर आवडलं. म्हणजे तुम्ही एसयूव्ही घेतलीत तरी माझ्या ट्रेनला वर्गणी देताय. धन्यवाद! :)

शेवटचा मुद्दा. त्या डोंगरावर आपण एकटे जात नाही. लिफ्ट चालवणारा, भांडी घासणारी, आपल्या बुटांची साइज विचारणारा कॉलेजचा मुलगा, यांनाही तिथे रोज पोचायचं असतं. रिसॉर्टच्या गावात घरभाडं परवडत नाही म्हणून लेडव्हिलसारख्या लांबच्या गावांतून लोक बर्फात घाट ओलांडून कामाला येतात. आपल्यासाठी बस ही वर्षातून एकदाची काटकसर आहे, त्यांच्यासाठी ती नोकरी आहे. मोकळी बस बंद होते, भरलेली बस वाढते. इतकं साधं गणित आहे.

तेव्हा यंदा ग्रुपवर "एसयूव्ही मी बुक करतो" असा मेसेज आला की एवढंच विचारा, "का?" उत्तर "सवय आहे म्हणून" असं आलं तर ट्रेनचं तिकीट तुम्ही बुक करा आणि पैसे मागून घ्या. परतीच्या वाटेवर तुम्ही खिडकीशी झोपलेले असाल आणि तिकडे आय-७० वर ब्रेकचे लाल दिवे मैलभर पेटलेले असतील.

असो. बराच तापलो. उद्या सोमवार, बिल्ड मोडलेला आहे आणि तो काही ट्रेनने दुरुस्त होणार नाही.